बाबांची एबीसीडी

गिरण्यांच्या संपाच्या दुसऱ्या वर्षी बाबांना एका जागी बसवत नसे. लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर लांबलचक गॅलरी होती. तिच्या एका टोकाला नळ, दुसऱ्या टोकाला जिना. बाबा नळापासून जिन्यापर्यंत जायचे, जिन्याला हात लावायचे आणि परत नळाकडे यायचे. गिरणीत ते साळखात्यात होते. चार मागांच्या मधून पाळीभर चालायचं, कुठे धागा तुटला ते बघायचं, तो सांधायचा आणि पुढे जायचं, असं वीस वर्षं चाललेलं. आता माग बंद आणि माणूस गॅलरीत.

पहिल्या वर्षी ते सभांना जायचे, मोर्च्यात जायचे, गावी जाऊन भात लावूनही आले. आले की सगळं सांगायचे, कोण काय बोललं, किती गर्दी होती. दुसऱ्या वर्षी सभेवरून येऊन नुसतेच हातपाय धुवायचे. आईनेही विचारायचं सोडलं. आईने टिकल्यांचं काम घरी आणलं होतं. छापील कार्डावर टिकल्या ओळीने चिकटवायच्या, मग ती कार्डं पाकिटात भरायची. बाबा तिला मदत करायला बसत. दहा कार्डं झाली की गुडघा हलायला लागायचा, मग दुसरा, मग उठून बाहेर.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. बारावी झालेली, आणि बँकेच्या लेखी परीक्षेच्या मागे लागलेली. चाळीत माझ्या वयाचं प्रत्येक जण कसल्या ना कसल्या परीक्षेला बसत होतं. माझं गणित बरं होतं, इंग्रजीही निभावून जायचं. अडायचं ते एकाच ठिकाणी. फूटपाथवरून घेतलेल्या जुन्या गाइडमध्ये अक्षरांच्या मालिकांचं एक प्रकरण होतं. ए, सी, एफ, जे, पुढे काय? झेड, एक्स, यू, क्यू, पुढे काय? अशी चाळीस-चाळीस कोडी. मी बोटांवर मोजायला लागायचे आणि मध्येच विसरायचे. परीक्षेत एका प्रश्नाला अर्धं मिनिट, आणि मला चार मिनिटं लागत. भरीला उजेड दारातूनच येणारा. बाबा दारावरून गेले की पानावर सावली, परत आले की परत सावली.

एका दुपारी मी वैतागून म्हटलं, "बाबा, बसा ना जरा कुठेतरी. मला काही सुचत नाही."

ते दारातच थांबले. "काय करतंस गो ह्या?"

"कोडी आहेत. पुढचं अक्षर कुठलं ते ओळखायचं."

"कसलं अक्षर?"

त्यांना घालवायला म्हणूनच मी समजावलं. एका कागदावर सव्वीस अक्षरं काढली. बाबा गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेले, मराठी सुरेख वाचायचे. इंग्रजी अक्षरं कापडाच्या गाठींवरच्या छापांमुळे बरीचशी ओळखीची होती, पण कुठल्यामागून कुठलं येतं ते ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "हे बघा, ए नंतर एक सोडला, सी आला. मग दोन सोडले, एफ आला. मग तीन सोडले."

"मग आता चार सोडायचे."

"हो."

त्यांनी कागदावर नख फिरवलं. "ओ."

मी गाइडच्या मागे पाहिलं. ओ होता.

ते उंबऱ्यावर बसले. मी आणखी एक दिलं, मग आणखी एक. मग कागद आणि गाइड दोन्ही त्यांच्या हातात गेलं आणि मी गणित काढून बसले. दिवेलागणीला आईने टिकल्यांचं सूप बाजूला सारलं, त्यांच्याकडे बघितलं आणि मला हळूच म्हणाली, "तुझो बापूस आज एका जागेर बसलो गो."

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. झालाही, दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी बाबांनी एक दोरी आणली. तिला सव्वीस गाठी मारल्या, आणि दर पाचव्या गाठीत लाल धागा ओवला. ई, जे, ओ, टी, वाय. ते म्हणाले, "हे आपले खांब. कुठलंही अक्षर सांग, जवळचा खांब धरायचा आणि एक-दोन पावलं मागे-पुढे जायचं. पहिल्यापासून मोजत बसतेस म्हणून तुला वेळ लागतो." आठवडाभरात त्यांना दोरीही लागेना. मी एम म्हटलं की ते तेरा म्हणायचे, मी एकोणीस म्हटलं की एस. मग फरशीवर खडूने मालिका दिसायला लागल्या. आई पुसायची, ते परत लिहायचे. दुकानांच्या पाट्या, बसवरची अक्षरं, औषधाच्या बाटल्या, सगळ्यांत ते काहीतरी मोजत असायचे. जेवताना घास हातात धरून म्हणायचे, "बाय, हे बघ. बी, ई, आय, एन. सांग पुढे."

मला सांगता यायचं नाही. निदान तितक्या लवकर तरी नाही. मी टी म्हणेपर्यंत ते स्वतःच टी म्हणून मोकळे.

शेजारपाजारची परीक्षेला बसणारी पोरं-पोरी त्यांच्याकडे यायला लागली. "काका, हे कसं?" बाबा गॅलरीत उभ्याउभ्याच सांगायचे. रागवायचे नाहीत, उत्तर देऊन टाकायचे नाहीत, नुसतं विचारायचे, "दोन अक्षरांमध्ये किती जागा सुटली? आणि पुढच्या दोनांत?" त्यांना कोणीतरी विचारतंय याने त्यांचा आवाजही बदलला होता. मी मात्र आत बसून दात-ओठ खायचे. परीक्षा माझी, पुस्तक माझं, आणि पुढे गेले ते. इतकं उघड मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नसतं. मला एवढंच कळायचं की घरात पाऊल टाकलं की डोकं उठतं.

दादरला रविवारी एक क्लास चालायचा. एका शाळेचे दोन वर्ग घेऊन एक सर बँकेच्या परीक्षेची तयारी करून घ्यायचे. पन्नाशीचे, बारीक चणीचे, बोलणं अगदी स्वच्छ. माझ्या शेजारी अँटॉप हिलच्या सरकारी कॉलनीतली एक मुलगी बसायची. तिचे वडील कचेरीत हेडक्लार्क होते. तिच्या डब्यात नेहमी घडी घातलेला रुमाल असायचा आणि मी माझा डबा तिच्यासमोर उघडायचे नाही. माझे वडील काय करतात असं तिने विचारलं तेव्हा मी "कापडाच्या लाइनमध्ये" असं म्हटलं होतं.

एका रविवारी सरांनी सराव परीक्षा घेतली. त्यात प्रश्न होता, बी, डी, एच, पुढे काय. मी एन लिहिलं. बाबांच्या पद्धतीने. बीपासून डी दोन पावलं, डीपासून एच चार पावलं, मग सहा पावलं, म्हणून एन. पेपर परत आला तेव्हा त्यावर लाल फुली. बरोबर उत्तर पी. बी दुसरं अक्षर, डी चौथं, एच आठवं, दर वेळी दुप्पट, म्हणून सोळावं, पी.

घरी येऊन मी तो पेपर बाबांच्या पुढ्यात टाकला. थोडं कुत्सितपणेच. "तुमचं उत्तर चुकलं."

त्यांनी बघितलं.  म्हणाले, "पी बरोबर आहे."

"मग?"

"पण एनसुद्धा बरोबर आहे. चूक कुठे आहे ते दाखव."

मला दाखवता येईना. मी म्हटलं, "सरांनी पी दिलंय, बस्स."

त्या आठवड्यात ते गॅलरीत परत चालायला लागले. पण आता पुटपुटत. दोन, चार, सहा. दोन, चार, आठ. बुधवारी विचारलं, "तुझे सर क्लासात किती वाजता येतात?" मला वाटलं, सहज विचारताहेत.

रविवारी अर्धा तास झाला असेल, वर्गाच्या दारात बाबा उभे. धुतलेला पांढरा सदरा, सभेला घालायचे तो. केस पाणी लावून बसवलेले. हातात तो पेपर. पन्नासेक मुलं वळून बघायला लागली. 

"कोण हवंय आपल्याला?" सरांनी विचारलं.

"तुम्हीच. एक मिनिट घेतो. ह्या एका प्रश्नाबद्दल बोलायचंय."

"आपण कोण?"

त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तिचा बाप. साळखात्यातला."

वर्गात कोणीतरी हसलं. अँटॉप हिलची मुलगी माझ्याकडे वळली, मी वहीत मान घातली.

सरांनी पेपर घेतला, चष्मा वर केला. बाबा म्हणाले, "पी बरोबर, ते मला मान्य. पण एन चूक कसं? दोन, मग चार, मग सहा. त्यातही काही चूक नाही. दोन वाटा आहेत."

सर फळ्याकडे गेले. बी, डी, एच लिहिलं. खाली दोन, चार, सहा लिहिलं. त्याखाली दोन, चार, आठ लिहिलं.  मग वळून म्हणाले, "काका, तुमचं बरोबर आहे. हा प्रश्नच नीट काढलेला नाही. आणखी एक अक्षर द्यायला हवं होतं. इतकी वर्षं मी शिकवतोय, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं."

बाबांचा चेहरा उजळला. "म्हणजे हिला मार्क मिळणार?"

"माझ्याकडे देतो. पण खऱ्या परीक्षेत देता येणार नाही. तिथे पेपर तपासणाऱ्याच्या हातात उत्तरांचा तक्ता असतो. तक्त्यात पी असलं की पी."

"दोन्ही बरोबर असली तरी?"

"दोन्ही बरोबर असली तरी. पोरांना नोकऱ्या लागायला हव्यात काका, म्हणून मी त्यांना तक्त्यातलं शिकवतो."

सरांनी लाल फुली खोडून मार्क दिला आणि पेपर परत केला. बाबांनी मान हलवली. पेपर घडी घालून खिशात ठेवला, सरांना हात जोडले आणि निघून गेले.  क्लास सुटल्यावर ती मुलगी म्हणाली, "तुझे बाबा किती छान बोलले गं." मला वाटलं, ही टोमणा मारतेय.

बाबा खाली फाटकाशी थांबले होते. आम्ही परळच्या दिशेने चालायला लागलो. ते खुशीत होते. "बघितलंस? फळ्यावर लिहिलं त्यांनी."

माझा बांध फुटला. "कशाला आलात? सगळे हसत होते. मला परत त्या वर्गात जायचंय, तुम्हांला नाही. आणि एवढं सोडवून तुम्हांला कोण नोकरी देणार आहे? आधी गिरणीचं काय होतंय ते बघा."

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि बाबा लांब पावलं टाकायला लागले.   परळपर्यंत मी त्यांच्या दहा पावलं मागे होते, आणि त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

त्या दिवसापासून फरशीवरचा खडू बंद झाला. पोरं आली की बाबा म्हणायचे, "तुमच्या सरांना विचारा." दोरी खुंटीवरून कुठे गेली ते कळलं नाही. आता ते चाळीतसुद्धा राहीनात. सकाळी उठून जायचे, कधी वरळीपर्यंत, कधी घोडपदेवला मामाकडे, कधी नुसतेच बंद गिरणीच्या फाटकापर्यंत, आणि दुपारी धुळीने माखलेले पाय घेऊन यायचे. मी एकदा मुद्दाम एक अवघड मालिका काढून कागद त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. त्यांनी त्याच्यावर आमटीची वाटी ठेवली.

आईला मी घडलेलं सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. टिकल्या चिकटवता चिकटवता मान वर न करता ती म्हणाली, "तो बसान ऱ्हवायचो तेचो तुका काय त्रास होतो?"  मी माफी मागायला दोनदा गॅलरीत गेले. दोन्ही वेळा ते जिन्याच्या टोकाला होते आणि तिथवर पोचेपर्यंत माझा धीर गेला.

परीक्षा आली. केंद्र गिरगावातल्या एका शाळेत होतं. मी एकटी जाणार होते, पण सकाळी बघते तर बाबा सदरा घालून तयार.  फाटकाशी एवढंच म्हणाले, "घाई करू नको. खांब धर."

पेपरात बाराव्या का तेराव्या प्रश्नाला मी थबकले. तसलाच प्रश्न होता, दोन वाटांचा, आणि पर्यायांत दोन्ही उत्तरं दिलेली.  बाबांचं उत्तर एक, तक्त्यातलं बहुधा दुसरं. मी दुसऱ्यावर खूण केली आणि पुढे गेले. बाकीच्या मालिका मात्र मी खांब धरून धरून सोडवल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा वेळ उरला.

बाहेर आले तर बाबा नव्हते. फुटपाथवर नाही, चहाच्या टपरीवर नाही, कोपऱ्यावरच्या देवळात नाही. मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दोनदा फिरले.  त्या महिन्यांत गिरणगावात माणसं कशी कशी निघून गेली होती ते आम्ही ऐकत होतो. मी रडायच्या बेतात होते, तेवढ्यात समोरच्या बोळातून त्यांचा आवाज आला. हसण्याचा.

बोळात एक छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, बिलबुकं छापणारा. दार उघडं, आत शाईचा वास. बाबा एका लाकडी खोक्यापुढे बसले होते आणि त्यात शिशाच्या खिळ्यांचा, म्हणजे छापायच्या सुट्या अक्षरांचा, ढीग पडला होता. कामगाराच्या हातून खण सांडला होता आणि इंग्रजीची सगळी अक्षरं एकमेकांत मिसळली होती. छापखान्याचे मालक, जाड भिंगांचे म्हातारे गृहस्थ, शेजारी उभे होते.

"ही मुलगी का तुमची?" ते म्हणाले. "अगं, ह्यांनी तासाभरात अर्धा ढीग निवडला. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, नवीन माणसाला बी आणि डी कळत नाही. पी आणि क्यू तर नाहीच."

"कापड मागच्या बाजूने बघतो तसंच आहे," बाबा म्हणाले. मान वर केली नाही. "पेपर कसा गेला?"

"बरा गेला."

"दोन वाटांचा होता एखादा?"

"नव्हता," मी म्हटलं.

त्यांनी एक खिळा उजेडाकडे धरला, बघितला, खणात टाकला. मी खोटं बोलले ते त्यांना कळलं की नाही, मला आजही ठाऊक नाही. पण माफी मागायची ती मी तिथेच मागितली, मालकांच्या देखत. "त्या दिवशी दादरला मी बोलायला नको होतं बाबा."

"त्याचं काय आता," ते म्हणाले. "तो डबा दे इकडे, त्यात ई टाकायचे आहेत. ई फार असतात."

सोमवारपासून ते त्या छापखान्यात जायला लागले. छापून झालं की जुळवलेले खिळे सुटे करायचे आणि ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे, हे त्यांचं काम. पुढे मराठी खणही शिकले, त्याला तर कितीतरी जास्त खाने. मग जुळणीही करायला लागले. माझं नाव पहिल्या यादीत लागलं नाही, दुसऱ्या यादीत लागलं, आणि मी वरळीच्या शाखेत रुजू झाले. आईने टिकल्यांचं काम आणखी काही महिने चालू ठेवलं, मग एक दिवस सूप आणि उरलेली कार्डं शेजारणीला देऊन टाकली. गिरणीचं फाटक पुढे अर्धवट उघडलं. काही जणांना परत घेतलं, बाबांना नाही. बोलावणं आलं असतं तर ते गेले असते का, हे मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "गेलो असतो. लगेच गेलो असतो."

छापखानाही कायम राहिला नाही. काँप्युटर आले, खिळे वजनावर भंगारात गेले, म्हाताऱ्या मालकांनी दाराला कुलूप लावलं. तोवर माझं लग्न होऊन मी अँटॉप हिलला राहायला गेले होते. बाबा साठीच्या पुढे. परत चालणं सुरू झालं, परत आईचे फोन, "खंय गेले काय म्हायत नाय."

मग आईला रक्तदाबाच्या आणि कसल्या कसल्या गोळ्या सुरू झाल्या, आणि एकदा तिने सकाळची गोळी संध्याकाळी आणि संध्याकाळची सकाळी घेतली. घाबरली. बाबांना म्हणाली, पाकिटावरची अक्षरां माका शिकवा. बाबांनी वही आणली, पहिल्या पानावर सव्वीस अक्षरं ओळीने काढली आणि पाचव्या पाचव्या अक्षराखाली लाल रेघ मारली.

"माका एवढी नको," आई म्हणाली. "गोळ्येर आसत तेवढीच सांगा."

"अशी तुटक तुटक शिकून काय उपयोग? क्रम कळायला हवा."

"क्रमान गोळी थोडीच गिळूची आसा?"

महिनाभर हे भांडण चाललं. बाबा चिडून बाहेर जायचे, परत येऊन वही उघडायचे. मी रविवारी गेले की दोघं मला पंच करायचे. बाबांचं म्हणणं बरोबर होतं, आईचंही बरोबर होतं, आणि मी कुणाचीच बाजू घेतली नाही. शेवटी आईला नऊ अक्षरं आली, तिच्या चार पाकिटांवरची. त्यातला एस ती नेहमी उलटा काढायची. बाबांनी तो सरळ करायचा प्रयत्न काही दिवस केला, मग सोडून दिला.